जैवाधारित उद्योग आणि राष्ट्रीय अर्थव्यवस्था : ऊस व इथेनॉल

१. उद्दिष्टे
या पाठाच्या अभ्यासानंतर आपणांस :
• जैवाधारित उद्योगाची संकल्पना स्पष्ट करता येईल.
• इथेनॉलच्या आधारे त्याचे लाभ व मर्यादा सांगता येतील.

२. प्रास्ताविक
वनस्पती, प्राणी व सूक्ष्मजीव यांपासून मिळणाऱ्या, पुन्हा निर्माण होऊ शकणाऱ्या कच्च्या मालावर चालणाऱ्या उद्योगांना जैवाधारित उद्योग म्हणतात. कापड, कागद व साखर हे त्यांतील जुने, तर जैवइंधन हा नवा उद्योग होय.

३. विवेचन
विठ्ठलराव विखे पाटील यांचा पुढाकार आणि धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन यांतून प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५० च्या अखेरीस सुरू झाला. ऊस गाळल्यावर साखरेखेरीज चिपाड व मळी हाती येते. चिपाड जाळून वाफ व वीज मिळते. मळी आंबवून इथेनॉल तयार होते. एका पिकातून अनेक उत्पादने निघाल्याने मूल्यवृद्धी होते व ग्रामीण भागात रोजगार टिकतो.

भारत गरजेपैकी ८० टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो. परकीय चलन वाचावे, हा २००३ मध्ये सुरू झालेल्या इथेनॉल-मिश्रण कार्यक्रमाचा एक प्रमुख हेतू. २०२२ मध्ये १० टक्के मिश्रण साधले. २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर पोहोचले. तथापि एक लिटर इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असते; म्हणून बचत मिश्रणाच्या टक्केवारीइतकी होत नाही.

मळी हे उपउत्पादन असल्याने तिच्या वापराने अन्नाला बाधा येत नाही. मात्र २०१८ च्या जैवइंधन धोरणाने उसाच्या रसापासूनही इथेनॉल निर्मितीस मुभा दिली, आणि साखर व इंधन परस्परांचे स्पर्धक झाले. साखरेची टंचाई टाळण्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने रसाच्या वापरावर निर्बंध घातले. पुढे मक्याचा वापर वाढला, तेव्हा कुक्कुटपालकांना खाद्य महाग पडू लागले.

पाण्याचा प्रश्न याहून बिकट आहे. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच मराठवाड्यात ऊस हे महत्त्वाचे नगदी पीक आहे. इथेनॉलच्या किमतीत या पाण्याचे मोल धरले जात नाही.

४. सारांश
जैवाधारित उद्योग उपउत्पादनांवर उभा असतो तेव्हा राष्ट्रीय संपत्तीत भर घालतो; मूळ पिकावर उभा राहिला, की अन्न, पाणी व इंधन यांत निवड करणे भाग पडते.

५. स्वाध्याय
१. मळीपासून व उसाच्या रसापासून होणाऱ्या इथेनॉल निर्मितीतील आर्थिक फरक स्पष्ट करा.
२. आपल्या परिसरातील एका शेतमालाची उपउत्पादने नोंदवा व त्यांचा सध्या काय उपयोग होतो ते लिहा.