रेषेच्या आत

जिम्नॅस्टिक्स हा ताकद, तोल आणि लय यांचा खेळ आहे. या खेळातील एका चुरशीच्या स्पर्धेची हकिकत या पाठात सांगितली आहे.

स्त्रियांच्या जिम्नॅस्टिक्समध्ये चार प्रकार असतात. त्यांपैकी एक म्हणजे जमिनीवरची कसरत. तिला ‘फ्लोअर एक्सरसाइज’ म्हणतात. १२ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद असा गालिचा असतो. संगीत सुरू होते. खेळाडू धावते, उंच उडी मारते, हवेत कोलांट्या घेते, गिरक्या घेत नाचते. हे सारे ९० सेकंदांच्या आत संपवावे लागते.

पंच दोन गोष्टी पाहतात. कसरत किती अवघड आहे? ती किती सफाईने केली? दोन्हींचे गुण एकत्र करतात. गालिच्यावर चारही बाजूंनी हद्दीची रेषा असते. एक पाऊल बाहेर पडले, तर ०.१ गुण कापतात. दोन्ही पावले बाहेर पडली, तर ०.३ गुण कापतात. हा दंड लहान वाटतो ना? पण त्यामुळे सुवर्णपदकही हातचे जाते.

रेबेका आंद्रादे ही ब्राझीलची खेळाडू. तिची आई लोकांच्या घरी काम करून आठ मुलांना वाढवत होती. बसभाड्याला पैसे नसत, तेव्हा रेबेका सरावाला चालत जाई. पुढे तिच्या उजव्या गुडघ्यावर तीन वेळा शस्त्रक्रिया झाली. तरी तिने खेळ सोडला नाही.

२०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये चारही प्रकारांच्या एकत्रित स्पर्धेत ती उतरली. शेवटी जमिनीवरची कसरत होती. त्या कसरतीत ती दोनदा रेषेबाहेर गेली. अमेरिकेच्या सुनीसा लीने तिला केवळ ०.१३५ गुणांनी मागे टाकले. रेबेकाला रौप्यपदक मिळाले.

५ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये जमिनीवरच्या कसरतीची अंतिम फेरी होती. समोर अमेरिकेची सिमोन बाइल्स होती. एकाच उडीत दोन कोलांट्या आणि शरीराचे तीन फेरे घेणारी ही खेळाडू! तिची कसरत सर्वांत अवघड होती. रेबेकाची कसरत तिच्याहून सोपी, पण फार सफाईदार झाली. तिला १४.१६६ गुण मिळाले. नंतर बाइल्स आली. तिच्या उड्या इतक्या जोरदार होत्या, की ती दोनदा रेषेबाहेर गेली. तिचे ०.६ गुण कापले गेले. तिला १४.१३३ गुण मिळाले. फरक फक्त ०.०३३ गुणांचा! सुवर्णपदक रेबेकाला मिळाले.

पदक घेण्यासाठी रेबेका मंचावर आली. तेव्हा बाइल्स आणि तिची सहकारी जॉर्डन चाइल्स यांनी दोन्ही बाजूंनी वाकून, हात पुढे करून तिला मान दिला.

रेषा कोणाचे नाव पाहत नाही. तिने एकदा रेबेकाचे गुण कापले, एकदा बाइल्सचे. पण हरल्यावर जिंकणाऱ्याचा मान कसा करावा, हे नियमांत लिहिलेले नसते. ते बाइल्सने दाखवले.

शब्दार्थ
चुरस – अटीतटीची स्पर्धा
हद्द – सीमा
सफाई – नेटकेपणा
रौप्यपदक – चांदीचे पदक

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जमिनीवरची कसरत किती वेळात संपवावी लागते?
(आ) पंच कोणत्या दोन गोष्टी पाहतात?
२. कारण लिहा : बाइल्सची कसरत सर्वांत अवघड असूनही तिला सुवर्णपदक मिळाले नाही.
३. बाइल्सच्या वागण्यातून तुम्ही काय शिकलात? चार-पाच ओळी लिहा.
४. वाक्यात उपयोग करा : मागे टाकणे, मान देणे.