स्काऊट पथक आणि प्रौढ नेतृत्व

बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. त्यांची गावी राहणारी मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात वाढतात. अशा मुलांना स्काऊट-गाईड पथक मोठा आधार देऊ शकते. बेडन पॉवेल यांनी १९०७ मध्ये सुमारे वीस मुलांच्या शिबिरात ही पद्धती आजमावली. भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था १९५० मध्ये स्थापन झाली. सहा ते आठ मुलांच्या संघाचा नायक मुलगाच असतो. प्रौढाने मार्गदर्शन करावयाचे, हुकमत गाजवावयाची नाही. कपिलधारसारख्या ठिकाणी सहल नेताना पालकांची संमती, प्रथमोपचार पेटी, पाण्याजवळ दक्षता आणि वारंवार शिरगणती आवश्यक होय. काम विनामोबदला असले, तरी प्रशिक्षणावाचून ते स्वीकारू नये. पंचायत सदस्यांनी शिक्षकासोबत एखादा जाणता ग्रामस्थ पुढे आणल्यास शिक्षकाच्या बदलीनंतरही पथक टिकेल.