फोन लागेल की नाही, याचं गणित

प्रवेशाच्या दिवसांत हुबळीच्या देशपांडे नगरातले आईवडील हमखास विचारतात, ‘कॉम्प्युटर सायन्स हुकलं, ई अँड सी (इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन) मिळतंय. घ्यावं का?’ मी आधी त्यांच्या मुलीकडे वळतो. पीयूसीच्या गणितातलं संभाव्यतेचं प्रकरण तिला आवडलं होतं का? कारण दूरसंचारातली एक फार सुंदर वाट त्याच प्रकरणातून निघते.

समजा, एका दवाखान्यात गर्दीच्या तासाला 60 फोन येतात आणि प्रत्येक फोन सरासरी 3 मिनिटं चालतो. एकूण बोलणं 180 मिनिटांचं, म्हणजे 3 लाइन पुरायला हव्यात. पण माणसं ठरवून फोन करत नाहीत. तेवढ्याच लाइन ठेवल्या, तर शंभरातल्या सुमारे 35 जणांना एंगेज टोन ऐकू येईल. हे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आणायला 8 लाइन लागतात. आणि फोन दहापट झाले तर? 80 नाही, 42 लाइन पुरतात! हे आकडे देणारं सूत्र कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग या गणितज्ञाने 1917 साली मांडलं. आज मोबाइलचे टॉवर आणि डेटा सेंटर आखताना गणितं बरीच अवघड झाली आहेत, पण मूळ प्रश्न तोच आहे: गर्दी किती, साधनं किती, आणि कुणाला किती वेळ थांबावं लागेल?

हे परक्या गावचं शास्त्र नाही. हुबळीत जन्मलेल्या गुरुराज देशपांडे यांनी आयआयटी मद्रासनंतर कॅनडात डेटा कम्युनिकेशनमध्ये पीएचडी केली, आणि पुढे कॅस्केड व सायकॅमोर या नेटवर्क उपकरणांच्या कंपन्या उभारल्या.

पालकांनो, एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बी.ई. झाल्या झाल्या नेटवर्क आखण्याचं हे काम सहसा हाती येत नाही. कॅम्पसमधल्या बऱ्याच नोकऱ्या सॉफ्टवेअरच्या असतात. नेटवर्कचं मॉडेलिंग करायचं तर गेट देऊन एम.टेक. करण्याची तयारी ठेवा. बंगळुरूच्या आयआयएससीत आणि मुंबईच्या आयआयटीत या विषयावर भक्कम काम झालं आहे. नोकरीसाठीही बहुधा बंगळुरू, पुणे किंवा हैदराबाद गाठावं लागेल. दोन वर्षं जास्त शिकणं घराला झेपणार नसेल, तर तेही आत्ताच मोकळेपणाने बोला.

कॉलेजची निवड मात्र घराजवळही होऊ शकते. विद्यानगरचं केएलई तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणजे 1947 पासूनचं आपलं बीव्हीबी कॉलेज. धारवाडला 2015 मध्ये ट्रिपल आयटी आणि 2016 मध्ये आयआयटी सुरू झाली. कुठेही गेलात तरी अभ्यासक्रम उघडून रँडम प्रोसेसेस आणि क्यूइंग थिअरी (रांगांचं गणित) शिकवतात का, ते बघा. पुष्कळदा हे विषय ऐच्छिक असतात आणि मुलं ते टाळतात. तुमच्या मुलीने टाळू नयेत.

आणि फी भरण्याआधी तिला वरचा दवाखाना पायथॉनमध्ये उभा करायला सांगा. फोन यदृच्छेने येऊ द्यायचे, 3 लाइन ठेवायच्या, परत गेलेले फोन मोजायचे. उत्तर शंभरात 35च्या आसपास आल्यावर, कुणी न सांगता ती चौथी लाइन जोडून बघते का, याकडे लक्ष ठेवा.