इंजिनाचा उष्णमानदर्शक कांटा : त्याची साक्ष कशी तपासावी

आपल्या मंडळींत पुष्कळांजवळ जुनी जीप, टेंपो अगर ट्रॅक्टर आहे. भाजीची व खताची ने-आण त्यावरच चालते. अशा वाहनांत डिझेलच्या कांट्याशेजारीं इंजिनाचें उष्णमान दाखविणारा एक लहानसा कांटा असतो. तो मध्यावर आहे तोंवर त्याकडे कोणी पाहात नाहीं. तो हलला म्हणजे कोणी घाबरतो, तर कोणी त्यास खोटा ठरवून मोकळा होतो. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. माझी सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनीची झाली. तेथील शिरस्ता असा कीं, सातबाऱ्यावर नोंद आहे एवढ्यानें भागत नाहीं. शेतावर जाऊन पाहिल्यावरच ती खरी कीं खोटी हें ठरतें. कांट्याविषयींही हेंच करावें.

हा शिरस्ता विसरल्याचें फळ मी भोगलें आहे. सन २०१४ च्या जूनच्या आरंभीं भाताचें बियाणें व खत घेऊन जुन्या जीपमधून ठाण्याहून घोडबंदर रस्त्यानें भाईंदरकडे परतत होतों. गायमुखाच्या चढावर कांटा तांबड्या रेघेकडे सरकला. पण थोड्याच वेळांत तो झरझर खालीं आला. शेजारीं बसलेला पुतण्या म्हणाला, "काका, कांटा उतरला, आतां थांबायला नको." मलाही हायसें वाटलें. काशीमिऱ्याच्या अलीकडेच इंजिन जड होऊन बंद पडलें. पाहातों तों खालची रबरी नळी फाटून सारें पाणी वाटेंत गळून गेलेलें ! हेड वांकलें होतें. दुरुस्तीस अठरा दिवस लागले, खर्च झाला तो निराळाच, आणि पेराही मागें पडला.

असें कां झालें ? कांटा दाखवितो तें इंजिनाच्या लोखंडाचें उष्णमान नव्हे; पाण्यांत बुडालेल्या पितळी सेंडरचें होय. बहुतेक जुन्या वाहनांत सेंडरपासून एक तार कांट्याकडे जाते. सेंडर तापतो तसतसा त्याचा विजेस होणारा विरोध घटतो व कांटा चढतो. पाणी उतरून सेंडर उघडा पडला म्हणजे त्यास पाण्याची ऊब लागत नाहीं व कांटा पडतो. आंत इंजिन मात्र भाजत असतें. म्हणून चढत्या कांट्याहून एकाएकीं पडणारा कांटा अधिक घातक समजावा. आतां एकेक लक्षण पाहूं.

१. कांटा मुळींच न चढणें. प्रथम थंड इंजिनांतील पाणी पाहावें. तें पुरेसें असल्यास चावी लावून सेंडरवरील तार काढावी व क्षणभरच इंजिनाच्या स्वच्छ लोखंडास टेंकवावी. कांटा वर धांवला तर तार व कांटा नीट असून दोष सेंडरचा आहे. न हलला तर तार, फ्यूज अगर कांटा तपासावा.

२. कांटा नेहमीं खालींच राहाणें. येथें बहुधा थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असतो, अगर मिस्त्रीनें काढून टाकलेला असतो. "काढला म्हणजे गाडी तापत नाहीं" ही समजूत आमच्याकडे फार आहे. परंतु इंजिनास ८० ते ९५ अंशांची ऊब लागतेच. ती न मिळाल्यास डिझेल अधिक जळतें व सिलिंडर लवकर झिजतो. थर्मोस्टॅट पातेल्यांतील पाण्यांत टांगून तें तापवावें. त्यावर छापलेल्या अंशाच्या सुमारास, पुष्कळदां ८२ अंशांवर, तो उघडूं लागला पाहिजे.

३. चावी लावतांच कांटा टोकास जाणें. थंड इंजिन क्षणांत तापत नाहीं. तेव्हां ही साक्ष खोटी. सेंडरवरील तार काढावी. कांटा उतरला तर सेंडर बिघडला. न उतरला तर तार कोठें तरी घासून लोखंडास लागली आहे. डिझेलचा कांटाही त्याच वेळीं वर गेला असेल, तर दोहोंस सारखी वीज पुरविणारा स्टॅबिलायझर पाहावा.

४. कांटा हळूहळू तांबड्या रेघेकडे जाणें. ही साक्ष खरी धरावी. गाडी उभी असतां तापते व चालूं लागतांच निवते, तर पंखा अगर त्याचा पट्टा पाहावा. चढावर व ओझ्याखालीं तापते, तर रेडिएटर तुंबला आहे अगर पाणी कमी आहे. मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या रेडिएटरांत भुसा बसतो, तो रोज झाडावा. पाण्यांत बुडबुडे येणें, पांढरा धूर निघणें, तेल दुधाळ होणें हीं हेड गॅस्केट फुटल्याचीं चिन्हें होत.

५. कांटा नाचणें. तारेचें टोंक सैल आहे, किंवा पाण्यांत हवा शिरली आहे. आधीं पाणी पाहावें, मग तार.

कांटा तांबड्या रेघेस लागला अगर एकाएकीं पडला, तर गाडी तत्काळ बाजूस घेऊन इंजिन बंद करावें. अर्धा तास तरी झांकण उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असल्यामुळें शंभर अंशांहूनही अधिक तापलेलें असतें व तोंडावर उसळतें. तापल्या इंजिनांत थंड पाणी ओतल्यास हेड तडकतें.

शेवटीं पाण्याविषयीं. आमच्या भागांत खाडी व मिठागरें जवळ असल्यानें पुष्कळ विहिरींचें पाणी मचूळ आहे. तें रेडिएटरांत घातल्यास धातु गंजतो, नळ्यांत क्षार बसतात, आणि निम्मे आजार तेथूनच उपजतात. बॅटरीचें पाणी व कूलंट समभाग घालावें.

सकाळीं इंजिन थंड असतां पाणी पाहावें व किती घालावें लागलें तें तारखेनिशीं वहींत टिपावें. पाणी वारंवार कमी होऊं लागलें, तर कांटा बोलण्यापूर्वींच ती वही बोलेल. मजजवळ २०१४ सालीं अशी वही असती, तर ती नळी मीं ठाण्यास जाण्यापूर्वींच बदलली असती.