टेंडर भरायच्या आधी थोडं माझ्याजवळ बस

एसटीचं टेंडर भरायचं तुझ्या मनात आलंय हे कळलं, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं. आपल्या नरसीत परतवारीच्या एकादशीला पंढरपूरहून परतलेले वारकरी येतात, लाखांनी माणूस जमतं, तेव्हा सगळेच दुकान मांडतात. पण ती यात्रा. ती उठली की कयाधूच्या काठावर पुन्हा सामसूम. तुला बारा महिने चालणारं काम हवंय आणि त्यासाठी तू हिंगोलीच्या स्टँडकडं बघतेयस, हा विचार पक्का आहे. फक्त अर्ज भरायच्या आधी माझ्या चार गोष्टी ऐक. घरच्यांना विचारशील तर ते म्हणतील, ‘सरकारी कामाच्या नादी लागू नको.’ मी तसं म्हणणार नाही. लाग, पण डोळे उघडे ठेवून लाग.

आधी कुणाचं दार कुठं आहे ते समजून घे. हिंगोलीचं आगार परभणी विभागात येतं. वसमत आणि कळमनुरीही त्यातच. आगार व्यवस्थापक हिंगोलीत बसतात, विभाग नियंत्रक परभणीत, आणि गाड्या, टायर, सुटे भाग असली मोठी खरेदी मुंबई सेंट्रलच्या मध्यवर्ती कार्यालयातून होते. गाड्यांची बांधणी आणि मोठी दुरुस्ती दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळच्या हिंगणा इथल्या कार्यशाळांत. तुझ्यासारखीनं सुरुवात करायची ती विभागाच्या पातळीवर. स्टँडवरचं उपाहारगृह, स्टॉल, वाहनतळ, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती ही कामं आपल्या आवाक्यातली. परभणीला एकदा स्वतः जा. वाणिज्य आस्थापनांचं काम बघणारी शाखा विचार, आपल्या स्टँडवरच्या कोणत्या गाळ्याची मुदत कधी संपते ते विचार. बायामाणसानं कार्यालयात काय जायचं, असं कुणी म्हटलं तर सरळ दुर्लक्ष कर. माहिती मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते. एसटीची टेंडरं दोन जातींची असतात. एकात महामंडळ तुला पैसे देतं: स्टँड झाडणं, रंगरंगोटी, दुरुस्ती, मालाचा पुरवठा. तिथं सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम मिळतं. दुसऱ्यात तू महामंडळाला पैसे देतेस: स्टॉल, कॅन्टीन, पार्किंग. तिथं सगळ्यात जास्त परवाना शुल्क देणाऱ्याला जागा मिळते. पहिल्यात माणसं खाली खाली जाऊन बुडतात, दुसऱ्यात वर वर जाऊन. दोन्हीकडं कारण एकच असतं, मिळालंच पाहिजे ही ईर्ष्या. तू कुठल्या जातीचं टेंडर भरतेयस हे ठरल्याशिवाय कॅल्क्युलेटर हातात घेऊ नको.

स्टॉलचं गणित मी तुला मांडून दाखवते. समज, महिन्याला ३०,००० रुपये शुल्क भरलंस. त्यावर १८ टक्के जीएसटी धर, झाले ३५,४००. म्हणजे रोजचे १,१८० रुपये. चहाच्या एका कपामागं तुझ्या हातात ५ रुपये उरतात असं धरलं, तर नुसत्या जागेसाठी रोज २३६ कप विकायला हवेत. हाताखाली दोघी ठेवल्यास आणि त्यांना प्रत्येकी ४०० रुपये रोज दिलास, तर आणखी १६० कप. जवळजवळ ४०० कप होईपर्यंत तुझ्या स्वतःच्या घरात एक रुपया येत नाही, आणि वीजबिल अजून यात धरलेलंच नाही. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले, तुझे तू काढ. पण काढायचे कसे? स्टँडवर जाऊन बस. सकाळी शाळा-कॉलेजच्या वेळी बस, भरदुपारी बस, रात्रीच्या लांब पल्ल्याच्या गाड्या लागतात तेव्हा भावाला घेऊन बस. बाजाराच्या दिवशी जा आणि बाजार नसेल त्या दिवशीही जा. चालू स्टॉलवर तासाला किती गिऱ्हाईक येतं ते वहीत लिही. यात्रेतली गर्दी बघून शुल्क भरलंस तर वर्षभर रडशील.

गर्दी कुणाची आहे तेही बघ. १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं, त्याआधी २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत झाला. त्यानंतर स्टँडवर बाया आणि म्हातारी माणसं किती वाढली हे तू रोज बघतेस. त्यांना काय लागतं? लेकरासाठी गरम दूध, बसायला नीट जागा, भाकरी-पिठलं, सॅनिटरी पॅड, स्वच्छ पाणी. तेच ते वडापाव आणि वेफर्स दहाजण विकतात. तू वसमतची हळद, आपल्या बचत गटाचे पापड-मसाले नीट पाकीट करून ठेवलेस तर नरसीला नामदेव महाराजांच्या दर्शनाला लांबून, अगदी पंजाबातून, येणारा भाविकही घेऊन जाईल. मात्र गाळ्यात काय विकायची मुभा आहे हे निविदेत लिहिलेलं असतं. पुस्तकाच्या स्टॉलवर चहा विकता येत नाही. आणि खायचं काही विकणार असशील तर अन्न परवान्याची नोंदणी आधी.

आणखी एक कलम शोधून वाच. गाड्याच बंद पडल्या तर शुल्काचं काय? २०२० ची टाळेबंदी आठव. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप आठव, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. एवढे महिने स्टँड ओस असताना गाळेवाल्यानं काय विकायचं? अशा काळात सूट आहे का, मुदतवाढ आहे का, दरवर्षी शुल्क किती टक्क्यांनी वाढतं, मध्येच सोडलं तर अनामत जप्त होते का, हे सगळं अटी-शर्तींच्या शेवटच्या पानांत असतं. लोक पहिली दोन पानं वाचतात आणि दर भरतात. तू शेवटून वाचायला लाग.

स्वच्छतेसारखं काम घेणार असशील तर हिशेब उलटा. माणसं किती लागतील, त्यांचं किमान वेतन किती, भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा लागू होतो का, साहित्य, सुट्टीच्या दिवशीची बदली माणसं, हे धरून जो आकडा येईल त्याच्या खाली जायचं नाही म्हणजे नाही. शेजारच्यानं निम्म्यात भरलं तरी नाही. कमी दरात काम घेऊन मग झाडणाऱ्या बाईच्या मजुरीत कपात करणारे मी पाहिलेत. त्या बाया आपल्याच गल्लीतल्या असतात गं. तुझ्या हातून ते होऊ देऊ नको.

कागदपत्रांना फार भ्यायचं नाही. पॅन, जीएसटी, बँकेचं खातं, उद्यम नोंदणी आणि डिजिटल स्वाक्षरी एवढी तयारी आधी कर. सगळीकडं नाव अक्षरशः एकसारखं हवं, कुठं नवऱ्याचं नाव मध्ये आणि कुठं वडिलांचं असं चालत नाही. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्याचे पैसे कुणालाही देऊ नको. बचत गटाच्या नावानं भरायचं असेल तर पात्रतेच्या अटीत गट बसतो का ते आधी बघ. टेंडरं महाटेंडर्स पोर्टलवर निघतात. तिथं दोन लिफाफे असतात, तांत्रिक आणि आर्थिक. तांत्रिकात एक दाखला राहिला तर तुझा दर उघडतच नाहीत. दरपत्रकाची एक्सेल फाईल असते, तिचं नाव बदलायचं नाही, रकाने हलवायचे नाहीत, नाहीतर पोर्टल ती घेत नाही. शुद्धिपत्रक निघालंय का ते रोज बघ, कारण तारीख, अनामत, अटी त्यातूनच बदलतात. निविदापूर्व बैठक ठेवली असेल तर जा आणि शंका लेखी दे. आणि शेवटच्या दिवसाची वाट बघू नको, आपल्याकडं लाइट आणि नेट दोन्ही ऐनवेळी जातात. बयाणा रकमेतून सूट मिळते का, हे त्या त्या निविदेत बघायचं. कुणीतरी सांगितलं म्हणून गृहीत धरायचं नाही.

आता जे सांगते ते मनावर कोरून ठेव. डिजिटल स्वाक्षरीचा तो पेनड्राइव्हसारखा टोकन आणि त्याचा पासवर्ड कुणाच्याही हाती द्यायचा नाही. नेटकॅफेवाल्याच्या नाही, एजंटाच्या नाही, दिराच्याही नाही. फॉर्म भरायला मदत घे, पण स्वाक्षरी लावताना तू समोर असायला हवीस. कारण ती तुझी सही आहे, कायद्यानं तुझी. आपल्या भागात बायांच्या नावावर फर्म काढायची आणि धंदा दुसऱ्यानं करायचा, ही खोड फार आहे. कुणी येईल, गोड बोलेल, ‘ताई, फक्त नाव द्या, तुम्हाला काही करायचं नाही.’ किंवा म्हणेल, तीन निविदा लागतात, तुमची एक टाका, दर आम्ही सांगतो. ही रिंग असते. उद्या गडबड झाली की काळ्या यादीत तुझं नाव जातं, जीएसटीची नोटीस तुझ्या दारात येते, आणि तो माणूस फोनसुद्धा उचलत नाही. नाव देणं म्हणजे कोरा चेक देणं आहे. कुणी लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे, लिहून ठेव.

अनुभवाची अट बघून खचू नको. शाळेचं, ग्रामपंचायतीचं, एखाद्या खासगी कारखान्याचं छोटं काम कर, वेळेवर कर, आणि पूर्ण झाल्या झाल्या दाखला घे. वर्षानं मागायला गेलीस की साहेब बदललेले असतात. मागच्या वेळी कोण कितीला गेलं हेही कळू शकतं. पोर्टलवर झालेल्या निविदांचे निकाल असतात, आणि नसतील तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून जुना तुलनात्मक तक्ता माग. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अंदाजानं दर भरण्यापेक्षा महिनाभर थांबणं परवडतं.

पैसे उशिरा येतील हे धरूनच चाल. महामंडळाची २०२५ मध्ये श्वेतपत्रिका निघाली, तिच्यात संचित तोटा १० हजार कोटींच्या वर दाखवलाय. अशा संस्थेकडून बिल महिन्याच्या महिन्याला सुटेल या भरवशावर सावकाराकडं जाऊ नको, मायक्रोफायनान्सकडंही नको. निदान ३ महिन्यांची मजुरी आणि साहित्य हाताशी असेल तरच पुरवठ्याचं किंवा स्वच्छतेचं काम घे. बिलासोबत हजेरीपट, भविष्य निर्वाह निधीची चलनं, जीएसटीचं बीजक सगळं लावून पोच घे. कंत्राट अडीच लाखांच्या वर असेल तर जीएसटीची २ टक्के कपात होते, प्राप्तिकराची वेगळी. ते पैसे बुडत नाहीत, पण विवरणपत्र भरून परत मिळवावे लागतात, तोवर ते अडकतात. तू सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून काम सुरू व्हायच्या आधी नोंदलेली असशील, तर २००६ च्या कायद्यानं ४५ दिवसांपुढं उशीर झाल्यास व्याज मागता येतं, तेही बँक दराच्या तिप्पट. नुसत्या व्यापारी नोंदणीला मात्र हा हक्क नाही. स्वतः बनवणारी किंवा सेवा देणारी म्हणून नोंद कर, तीही खरी असेल तरच.

आणि हातात कार्यादेश पडल्याशिवाय एक खिळाही विकत घेऊ नको. ‘तुमचंच झालं’ असं कुणी म्हणालं, इरादापत्र आलं, तरी नाही. एसटीनं १,३१० गाड्या भाड्यानं घ्यायची केवढी मोठी निविदा काढली होती, ती २०२५ च्या सुरुवातीला सरकारनं स्थगित केली. मोठ्या कंपन्यांना असे धक्के सोसतात, आपल्याला नाही.

एवढं ऐकून हिंमत खचली नसेल तर या आठवड्यात तीन गोष्टी कर. उद्यम नोंदणी, परभणीची चक्कर, आणि वही घेऊन स्टँडवर बसणं. पहिली निविदा हातात आली की छापून घे आणि माझ्याकडं ये. शेवटच्या पानापासून दोघी मिळून वाचू.