जर्मनीत ‘फी नाही’, मग खर्च किती?

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत मास्टर्सला शिक्षण शुल्क नाही, हे खरे आहे. पण तेवढ्यावर विसंबून घरातली ठेव मोडू नका. आधी वहीत तीन रकाने आखा: जाणारे पैसे, अडकणारे पैसे आणि दरमहा लागणारे पैसे. हिशेबाच्या सोयीसाठी इथे १ युरो म्हणजे १०० रुपये धरले आहेत. प्रत्यक्ष भरणा करताना त्या दिवशीचा दर पाहा.

जाणारे पैसे

भारतीय पदवीची पडताळणी करणारे एपीएस प्रमाणपत्र १८,००० रुपयांना पडते. अनेक विद्यापीठे अर्ज ‘युनि-असिस्ट’मार्फत घेतात. तिथे पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो लागतात. म्हणजे पाच अर्जांचे १९५ युरो, साडेएकोणीस हजार रुपये. व्हिसाचे ७५ युरो वेगळे. भाषेची परीक्षा आणि विमानाचे तिकीट याच रकान्यात लिहा.

‘फी नाही’ला अपवाद

हायडेलबर्ग, कार्ल्सरुह, श्टुटगार्ट ही शहरे बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात येतात. हे राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेते. चार सत्रांचे झाले ६,००० युरो, म्हणजे ६ लाख रुपये. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सच्या अशा नव्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमानुसार सत्राला ४,००० किंवा ६,००० युरो शुल्क लावले आहे. शिवाय सगळीकडे सत्रवर्गणी असते, साधारण १०० ते ३५० युरो. बऱ्याच ठिकाणी बस-ट्रामचा पास तिच्यातच येतो.

अडकणारे पैसे

व्हिसासाठी बहुतेक जण ब्लॉक्ड अकाउंट उघडतात. त्यात वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे जवळपास १२ लाख रुपये भरावे लागतात. ही फी नव्हे. पैसे तुमचेच राहतात आणि तिथे पोहोचल्यावर महिन्याला ९९२ युरो हाती येतात. कर्ज काढून ही रक्कम भरली असेल, तर व्याजाचा आकडा मात्र पहिल्या रकान्यात लिहा.

पहिला हप्ता लगेच मिळत नाही. त्याआधी पत्त्याची नोंदणी करून तिथल्या बँकेत खाते उघडावे लागते. म्हणून दीड-दोन महिन्यांचा खर्च आणि खोलीची अनामत वेगळी न्या.

दरमहा लागणारे पैसे

सर्वात मोठा खर्च भाड्याचा. जाहिरातीत ‘काल्ट’ आणि ‘वार्म’ असे दोन आकडे दिसतील. काल्ट म्हणजे नुसते भाडे. वार्ममध्ये हीटिंग आणि इमारतीचा खर्चही येतो. तुलना नेहमी वार्मची करा. अनामत काल्ट भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही, तसा कायदाच आहे. ‘फर्निचरशिवाय’ असे लिहिले असेल, तर ओटा आणि छताचा दिवासुद्धा आहे का, ते विचारून घ्या. विद्यार्थी वसतिगृहाची खोली सहसा स्वस्त पडते, पण प्रतीक्षा यादी लांब असते. प्रवेश मिळताच नाव नोंदवा.

३० वर्षांच्या आतल्या विद्यार्थ्याचा आरोग्य विमा महिन्याला १५० युरोंच्या आसपास जातो. रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी १८.३६ युरो आहे. ती घरामागे एकच असते, त्यामुळे चौघे राहत असाल तर वाटून भरा.

वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे. पण पहिल्या वर्षाच्या हिशेबात ही कमाई धरू नका. काम मिळायला वेळ लागतो आणि परीक्षा थांबत नाहीत.

एजंटकडे जाण्यापूर्वी

सरकारी विद्यापीठात अर्ज स्वतः करता येतो. कुणी एखाद्या खासगी कॉलेजचा फार आग्रह धरत असेल, तर त्याला तिथून कमिशन मिळते का, हे थेट विचारा आणि पूर्ण अभ्यासक्रमाची फी लेखी मागा.

तिन्ही रकाने आई-वडिलांसोबत बसून भरा, आणि तेही पहिला अर्ज करण्यापूर्वी. दुसऱ्या वर्षाचे पैसे कुठून येणार, याचे उत्तर वहीत सापडले, तरच पुढचे पाऊल टाका.