पुलावर आधी घोडी घालू नका

२००६ साली आलेला ‘मिडिव्हल टू: टोटल वॉर’ खेळणाऱ्यांत एक समज घट्ट रुजला आहे. फौज दुप्पट असेल तर सरळ पुलावरून चाल करायची, आणि जो थांबतो तो भित्रा. जोडीने खेळताना हा ठपका माझ्यावर पुष्कळदा आला आहे. ठेवणारे तेच, ज्यांची घोडी पुलाच्या तोंडाशी कापली जातात आणि मग ‘तू वेळेवर आला नाहीस’ म्हणून बोल लावतात. म्हणून माझं म्हणणं कारणांसकट मांडतो. पुलावरची लढाई पुलावर जिंकता येत नाही. समोरचा काठ आधी मोकळा करावा लागतो. पूल जेवढा रुंद तेवढीच तुमची फौज लढते, मागचे शेकडो गडी नुसते उभे असतात. बचाव करणारा पलीकडे अर्धवर्तुळात असतो, म्हणजे तुमच्या पहिल्या रांगेवर तिन्ही बाजूंनी वार होतात. त्या तुकडीचं धैर्य खचलं की ती उलटी पळते ती तुमच्याच माणसांवर, आणि भीती मागच्यांनाही लागते. इथे संख्या उलट अंगावर येते.

११ सप्टेंबर १२९७ रोजी स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगला इंग्रज फौजेचं हेच झालं. पुलावरून जेमतेम दोन स्वार शेजारी-शेजारी जाऊ शकत. रिचर्ड लंडी या सरदाराने सांगितलं होतं की जवळच नदीला उतार आहे, तिथून एका वेळी साठ स्वार जातील, मला थोडी माणसं द्या. खजिनदार क्रेसिंगहॅमने ते उडवून लावलं; लढाई लांबवून राजाचा पैसा कशाला खर्च करायचा, हा त्याचा मुद्दा. स्कॉटिश फौजेचे सेनानी वॉलेस आणि मरे पलीकडे थांबून राहिले. पेलवेल एवढीच फौज उतरू दिली आणि मग पुलाचं तोंड दाबलं. क्रेसिंगहॅम तिथेच मारला गेला आणि उरलेलं सैन्य अलीकडून बघत राहिलं. ज्याच्या घाईने माणसं मेली त्याने आधी योग्य सल्ला हसण्यावारी नेला होता, हे मला विसरता येत नाही.

कोणी म्हणेल, हा खेळ आहे, इतिहास नव्हे. पण अरुंद वाटेचं गणित दोन्हीकडे एकच. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत मुघल सरदार कारतलबखानाची मोठी फौज अशाच चिंचोळ्या वाटेत अडकली. आमच्या शहापूर तालुक्यातल्या माहुलीवर १६७० च्या फेब्रुवारीत मराठ्यांचा थेट हल्ला फसला. मोरोपंत पिंगळ्यांनी तोच किल्ला जूनमध्ये घेतला. शिवाजी महाराजांच्या माणसांनी माघार घेऊन पुन्हा येण्यात कमीपणा मानला नाही, तो आपण का मानावा? आणि ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली यमुना ओलांडून आला तो बागपतला, जिथे त्याला अडवायला मराठ्यांची फौज उभी नव्हती. दुसरा आक्षेप वेळेचा: वेळ संपली तर हल्ला करणारा हरतो. खरं आहे. पण मोहीम सुरू करतानाच वेळेची मर्यादा काढून टाकता येते, आणि मर्यादा असली तरी बाण संपेपर्यंत मारायला ती पुरते. घोडदळाच्या वेगाचा मुद्दा तर टिकतच नाही. धडक मारायला पसरून धावायला जागा लागते, आणि पुलावर नेमकी तीच नसते. पलीकडे नुसते तिरंदाज असतील तरच घोडी घाला.

तेव्हा नकाशावर आधी दुसरा पूल किंवा उतार शोधा. नसेल तर तिरंदाज विरळ रांगेत काठावर आणा, तोफा किंवा दगडफेकी यंत्रं असतील तर त्यांचा मारा पुलाच्या तोंडावर धरा. शत्रू मागे सरकला की ढालवाले पायदळ पाठवा, पण त्यांना पलीकडच्या तोंडाशी थांबवू नका. रांग आखून द्यायची ती काठावर डाव्या-उजव्या हाताला, म्हणजे मागच्यांना वाट मिळते. आपली माणसं भिडली की तिरंदाजांचा आपोआप मारा बंद करा, नाहीतर बाण आपल्याच पाठीत बसतात. धीर धरा, फौजेवर लक्ष ठेवा. सेनापती शेवटी उतरवा, कारण तो पडला की सगळ्यांचं अवसान जातं. आणि जोडीदार तरीही घोडी दामटणार असेल, तर आपले भालाईत पुलाच्या अलीकडच्या तोंडापासून बाजूला घ्या. ती घोडी उधळत परत येतील ती त्याच वाटेने.